तंजावरची सोयरीक

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातील टॉवरखालून मी गेली पन्नास वर्षे जात-येत आहे. घड्याळ बंद आहे की चालू, यापलीकडे त्या वास्तूकडे कधी लक्ष दिले नाही. हा टॉवर १८९६ मध्ये चिमणाबाईसाहेबांच्या स्मरणार्थ उभारला गेला, हे शाळेत असताना पाठ केले होते. पण चिमणाबाई हे सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीचे सासरचे नाव. माहेरच्या त्या लक्ष्मीबाई, तंजावरच्या राजकुळाशी संबंधित घराण्यातल्या. १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८५ मध्ये त्या गेल्याही. पाच वर्षांच्या त्या संसाराने या शहराला दोन गोष्टी दिल्या: एक हा टॉवर, आणि दुसरी म्हणजे लग्नाबरोबर तंजावराहून आलेला नर्तकींचा व नट्टुवनारांचा ताफा. गौरा आणि कांती या दोघी नर्तकींची नावे आज नृत्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना ठाऊक असतात. नट्टुवनारांची घराणी इथेच राहिली आणि 'तंजोरकर' या आडनावाने ओळखली जाऊ लागली. कुबेरनाथ तंजोरकरांनी या शहरात कितीतरी मुलामुलींना भरतनाट्यम् शिकविले. दक्षिणेतली कला गुजरातच्या भूमीत मराठी दरबाराच्या आश्रयाने रुजली आणि तिला आडनावही मराठी वळणाचे मिळाले.

हे सारे नव्याने आठवण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने चेन्नईच्या नोकरीत असताना तिथलाच मुलगा पसंत केला. नावापुढे 'राव' पाहून भावाने तो तेलुगू असावा असे गृहीत धरले आणि घरात दोन दिवस थोडी शांतता पसरली. तिसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. ते जे बोलले ते मराठी होते. भावाला पहिली दोन वाक्ये कळली नाहीत, तिसरे कळले आणि चौथ्याला तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. १८८० मध्ये तिकडची मुलगी इकडे आली होती, आता इकडची तिकडे गेली. हिशेब फिटला, असे आमच्या वहिनी अजून म्हणतात.

मागच्या दिवाळीच्या सुटीत पुतणी सासरी तंजावरला जाणार होती. "काका, तुम्ही इतिहासाची एवढी पुस्तके वाचता, एकदा या तरी," असे तिने लिहिले. नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई आणि तिथे एग्मोरहून रात्रीची गाडी, असा प्रवास करून नरकचतुर्दशीच्या आदल्या पहाटे मी तंजावरला उतरलो. पाऊस पडत होता. आपल्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस सरून थंडी उतरण्याचा काळ, तिकडे तो ईशान्य मोसमी पावसाच्या ऐन भराचा काळ. कावेरीच्या मुलखात भाताची रोपे नुकतीच लावलेली होती आणि गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसते पाणी दिसत होते.

व्याह्यांचे घर राजवाड्याच्या पश्चिमेकडील वीथीत. ओसरीला लाकडी खांब, मधे चौक, मागे विहीर. व्याही निवृत्त शिक्षक, विषय गणित. त्यांनी दारातच "या, बसा" म्हटले, आणि मला वाटले की आपण दोनशे वर्षे उशिरा पोहोचलो आहोत. त्यांची मराठी सुरांनी तमिळ आहे. शब्द मात्र मधूनच असे येतात की जे मी माझ्या आजीच्या तोंडी ऐकले होते आणि नंतर कुठे ऐकले नाहीत. विहीणबाईंनी पानात डांगर पचडी वाढली: उडदाचे भाजलेले पीठ, दही, वरून फोडणी. नंतर पिटलै आले. त्यात डाळ होती, कारले होते, वाटलेला मसाला होता. पीठ मात्र नव्हते. आपले पिठले दक्षिणेत येऊन नाव तेवढे राखून बाकी सगळे बदलून बसले, असे म्हणतात ते खरे असावे. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले, ही कथाही जेवताना निघालीच. तंजावरात प्रत्येक पाहुण्याला ती ऐकावी लागते. मला ती पटत नाही. 'संभार' हा शब्द जुना संस्कृत आहे आणि त्याला राजाची गरज नाही. व्याही हसले आणि म्हणाले, की कथा काढून घेतली तर पाहुण्यांशी बोलायचे कशावर?

तंजावरचे मराठी राज्य ही आपल्याकडे तळटिपेची गोष्ट झाली आहे. शहाजीराजांचे तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी, ज्यांना एकोजीही म्हणतात, आदिलशाहीचे सरदार म्हणून मदुरेच्या नायकांविरुद्ध तंजावरच्या नायकांच्या मदतीला गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले, म्हणजे पेशवाईनंतरही सदतीस वर्षे. कालगणनेच्या हिशेबाने पाहिले तर तंजावर ही मराठी सत्तेची लहान शाखा खरी, पण दीर्घायुषी. तिच्याबद्दल आपण इतके कमी बोलतो, याचे एक कारण मला वाटते ते असे: तिची सुरुवातच भावांच्या भांडणाने झाली, आणि त्या भांडणात आपण सारे थोरल्या भावाच्या बाजूचे आहोत.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, पाऊस थांबला, तेव्हा मी जावईबापूंना घेऊन तिरुमळपाडीला गेलो. मराठी बखरींतले तिरुमलवाडी ते हेच. तंजावरहून तिरुवैयारूमार्गे उत्तरेला गेले की कोळ्ळिडम नदी लागते, आणि तिच्या उत्तर काठावर वैद्यनाथस्वामींचे जुने देवालय आहे. १६७७ च्या जुलैत शिवाजी महाराजांचा तळ इथे पडला होता. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची भेट, मग जिंजीचा किल्ला, वेलोरचा वेढा, शेरखान लोदीचा पराभव, आणि मग हे गाव. नदीपलीकडे सावत्र भावाचे राज्य. एकाचे आयुष्य पुणे-रायगडाकडे गेलेले, दुसऱ्याचे कर्नाटकात. महाराजांनी निरोप पाठविला, व्यंकोजी नदी ओलांडून भेटीला आले. काही दिवस मेजवान्या झाल्या. मग वडिलांच्या कर्नाटकातील दौलतीचा अर्धा वाटा हा विषय निघाला. व्यंकोजींनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. एके रात्री ते नदीपार निघून गेले.

देवळाच्या घाटावर उभे राहून मी ती नदी पाहत होतो. पावसाने कोळ्ळिडम भरून चालली होती, रंग मातीचा. जुलैतही मुलखात पश्चिमेकडून पाणी येतेच. अशा पाण्यात रात्रीच्या अंधारात होडीने निघणारा माणूस भित्रा होता असे आपल्या पुस्तकांत लिहिलेले असते. मला त्या घाटावर तसे वाटेना. ज्याच्या तळावर विजयी फौज आहे अशा थोरल्या भावाला 'नाही' कसे म्हणायचे, हा प्रश्न ज्या घरात वाटण्या झाल्या आहेत त्या कोणालाही कळावा. आमच्याकडे १९७८ मध्ये वाटणी झाली तेव्हा एक काका असेच न सांगता पहाटेच्या गाडीने सुरतेला निघून गेले होते. महाराजांना मात्र हे अपेक्षित नव्हते. आपण काय त्याला कैद करणार होतो, असा त्यांचा विषाद बखरींतून उमटतो. त्यांनी कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख ताब्यात घेतला, तंजावरावर चाल केली नाही, आणि ते परत फिरले. पुढे व्यंकोजींनी जिंजीकडच्या मराठी फौजेवर हल्ला केला, त्यात त्यांना अपयश आले. मग रघुनाथपंत हणमंत्यांच्या मध्यस्थीने तह झाला. त्यात व्यंकोजींच्या राणी दीपाबाईंना बंगळूरकडचा मुलूख चोळीबांगडीसाठी दिला गेला. भावाभावांतील तंटा भावजयीच्या चोळीबांगडीने मिटवणे, ही राजनीती मला फार घरगुती आणि म्हणूनच फार शहाणी वाटते.

शेवटचा अंक पत्राचा आहे. पराभवानंतर व्यंकोजी खिन्न होऊन बसले, खाणेपिणे, सणवार, कारभार सगळ्यांतून मन काढून घेतले. हे कळल्यावर महाराजांनी त्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. विरक्ती उतारवयात शोभते, आता पराक्रमाचे दिवस आहेत, उद्योग करा, आम्हांला तुमचे कौतुक करू द्या, असा त्याचा आशय. वाटणीवरून ज्याच्याशी युद्ध झाले त्याला लिहिलेले हे पत्र आहे. १६८० मध्ये महाराज गेले. दोघे भाऊ तिरुमळपाडीनंतर पुन्हा भेटले नाहीत.

जावईबापूंना हे सारे मी मराठीत सांगत होतो. त्यांनी मधेच विचारले, "मग आम्ही कोणाकडचे?" मी म्हटले, "तुमचे पूर्वज नदीच्या त्या काठावरचे." ते संगणकाचे अभियंते आहेत, या उत्तराने त्यांचे फारसे काही बिघडले नाही.

त्या काठावरच्यांनी पुढे काय केले, हे पाहायचे तर सरस्वती महालात जावे. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले, आणि ते संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी अशा भाषांतून लिहीत होते. 'पंचभाषाविलास' या त्यांच्या नाटकात पाच भाषा एकत्र नांदतात. सुमारे १६९० चे त्यांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक सांगलीच्या १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'पेक्षा दीडशे वर्षांनी जुने. आद्य कोण, यावर आपल्याकडे वाद झाले आहेत. मला त्या वादात रस नाही. तंजावरची नाटके सांगलीपर्यंत पोहोचली नाहीत आणि विष्णुदास भाव्यांनी ती पाहिली नव्हती, तेव्हा परंपरा म्हणून दोघांना एका दोरीत ओवता येत नाही. एका भाषेची नाटके दोन ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली, एवढेच म्हणता येते. पण एवढेही आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत. ग्रंथसंग्रह नायकांच्या काळापासूनचा. त्याला आजचे रूप दिले ते सरफोजी दुसरे यांनी. या राजाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. तुळजांचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले आणि मुलाची परवड सुरू झाली. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्याला सांभाळले, मद्रासला शिकविले. श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १७९८ मध्ये, इंग्रजांनी सरफोजींना गादीवर बसविले, आणि १७९९ मध्ये तह करून राज्य काढून घेतले. वर्षाला एक लाख होन, महसुलाच्या शिलकीचा पाचवा हिस्सा, आणि किल्ल्यापुरती सत्ता एवढे हाती राहिले. बावीस वर्षांचा राजा, तंजावर शहर, आणि तीसहून अधिक वर्षे रिकामा वेळ. त्या वेळात त्यांनी काय केले? ग्रंथ जमविले, काशीयात्रेला गेले तिथूनही ग्रंथ आणले. नेत्रचिकित्सा शिकले आणि रुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवविल्या. देवनागरी छापखाना काढला. १८०६ मध्ये तिथे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' छापले गेले, जेव्हा पुण्यात पेशवे होते आणि छापखाना नव्हता. श्वार्ट्झचे स्मारक लंडनच्या फ्लॅक्समनकडून घडवून घेतले. मरणशय्येवरील गुरूचा हात धरलेला मुंडासेधारी तरुण त्या संगमरवरात आजही शिवगंगा तलावाजवळच्या चर्चमध्ये दिसतो.

आणि त्यांनी मोठ्या देवळाच्या आवारातील भिंतीवर आपल्या कुळाचा इतिहास कोरविला.

राजराज चोळाचे ते बृहदीश्वर १०१० मध्ये पुरे झाले. विमानाची उंची दोनशे फुटांहून अधिक. चोळांचे तमिळ शिलालेख जोत्यावर चहूकडे. या सगळ्याकडे पाहून मान दुखू लागली की आवाराच्या भिंतीशी जावे. तिथे दगडावर देवनागरी अक्षरे आहेत, भाषा मराठी. १८०३ चा हा लेख, सरफोजींच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणिसांनी सिद्ध केलेला, भोसल्यांच्या वंशाची कथा मुळापासून सांगतो. मार्गदर्शक त्याला जगातील सर्वांत मोठा शिलालेख म्हणतात. मोजमाप कोणी केले आहे ते देव जाणे, पण तो वाचत चालायला वेळ लागतो हे खरे. इतिहास म्हणून त्यात चुका आहेत, आणि अभ्यासक त्या दाखवितात. मला मात्र तिथे उभे असताना वर्ष खटकत होते. १८०३. राज्य जाऊन चार वर्षे झालेली. राज्य करणारे राजे विजय कोरवितात. ज्याच्याकडे राज्य उरले नाही त्याने वंशावळ कोरविली. सहाशे मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या मुलखाची, पराक्रमाची, नात्यांची. ज्यांनी ती वाचावी अशी अपेक्षा होती ती माणसे शहरात तेव्हाही थोडीच असतील.

व्याही माझ्या शेजारी उभे होते. मी दोन-चार ओळी मोठ्याने वाचल्या. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "मी या भिंतीजवळून लहानपणापासून जातो. हे आमचे आहे हे माहीत होते. काय आहे ते आज ऐकले." त्यांची शाळा तमिळ आणि इंग्रजी. तमिळनाडूत १९६८ पासून दोन भाषांचेच धोरण आहे. त्यांच्या मुलाने देवनागरी कधी गिरविली नाही. घरात मराठी बोलतात, आणि निरोप लिहायचा झाला तर तमिळ अक्षरांत लिहितात. मी वडोदऱ्याचा. आमच्याकडची नातवंडे मराठी गुजराती अक्षरांत लिहितात. मला त्यांना काही बोलण्याचा अधिकार नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली. आत रुमालात बांधलेले कागद, मोडीतले. पणजोबांच्या पणजोबांपासूनचे असावेत. "तुम्ही तिकडचे. तुम्हाला वाचता येईल," असे म्हणून त्यांनी रुमाल माझ्यापुढे सोडला. आमच्या पिढीच्या शाळेत मोडी नव्हती. आमच्या मंडळाच्या मोडी वर्गाला मी दोन उन्हाळे गेलो आहे, तेवढ्या भांडवलावर मी पुस्तकांतला छापील नमुना वाचू शकतो. हे कागद कोण्या घाईतल्या कारकुनाच्या हातचे. घरातली पाच माणसे समोर बसलेली. मला घाम आला.

श्री सुटले. शके १७७४, परिधावी नाम संवत्सर, हे सुटले. म्हणजे १८५२, दुसऱ्या शिवाजीराजांची कारकीर्द, खालसा होण्याआधी तीन वर्षे. 'छत्र' हा शब्द सुटला. सरफोजींनी वाटसरूंसाठी, विद्यार्थ्यांसाठी चालविलेली ही छत्रे. १८०१ मध्ये कंपनीला त्यांनी आवर्जून लिहिले होते की बाकी काही करा, छत्रांचा धर्म मोडू नका. त्यांपैकी एका छत्राचा हिशेब हा. पुढे 'भात' आणि मग 'कलम', आकडा, पुन्हा 'कलम', आकडा. मी म्हटले, ही हिशेबाची कलमे आहेत, पहिले कलम, दुसरे कलम. पण आकडे क्रमाने येत नव्हते, आणि पुढचा शब्द तर लागतच नव्हता. म, र, क, ल. मी अक्षरे जुळवीत चार वेळा मोठ्याने म्हटले: मरकल, मरकाल...

"मरक्काल!" व्याही आणि विहीणबाई एकदम म्हणाले. "माप आहे ते. धान्याचे. बारा मरक्काल म्हणजे एक कलम."

शब्द तमिळ होता, अक्षरे मराठी. मला अक्षर दिसत होते पण अर्थ नव्हता. त्यांना अर्थ ठाऊक होता पण अक्षर दिसत नव्हते. गणिताच्या शिक्षकांनी लगेच वही काढली. मी वाचू लागलो, ते लिहू लागले, आणि रात्री अकरापर्यंत आम्ही दोघांनी मिळून एका महिन्याचा भात मोजला. एका ठिकाणी कारकुनाची बेरीज दोन मरक्कालांनी चुकली होती. व्याह्यांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी मुलाला झोपेतून उठवून ते दाखविले.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक गेले आणि कंपनीने राज्याचा उरलेला अवशेषही, खासगी जिंदगीसकट, जप्त केला. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, मद्रासला जिंकल्या, आणि १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरल्या. हे सरकारी कृत्य आहे, न्यायालयाला त्यात पडता येत नाही, असा निकाल लागला. कायद्याच्या पुस्तकांत तो निकाल अजून उद्धृत होतो. तंजावर हे नाव अनेक वकिलांना तेवढ्यापुरतेच माहीत असते. खासगी मालमत्ता पुढे १८६२ मध्ये परत मिळाली. ग्रंथालय १९१८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सरकारी मोडी दप्तरांपैकी काहींची तमिळ भाषांतरे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केली आहेत. म्हणजे मराठ्यांचे कागद आज तमिळ वाचकाला जितके सुलभ आहेत तितके आपल्याला नाहीत.

निघायच्या दिवशी रुमालातल्या तेवीस कागदांपैकी चार वाचून झाले होते. उरलेले ग्रंथालयात द्यावेत असे मी सुचविले. जावईबापू म्हणाले, फोटो काढून ठेवू. व्याही काही बोलले नाहीत. त्यांनी रुमालाची गाठ मारली आणि पेटी माळ्यावर ठेवण्याऐवजी पलंगाखाली सरकविली. स्टेशनावर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. पोंगलला या, असे ते म्हणाले. मोडीची बाराखडी लिहिलेली वही मी त्यांच्याकडे ठेवून आलो होतो, ती तोवर पाठ करून ठेवतो, असेही म्हणाले. मी जानेवारीचे तिकीट काढले आहे.